सात संस्कार, एक ऑफिस

कॅथलिक माणसाला जन्मापासून मरणापर्यंत सात संस्कारांची सोय आहे आणि त्यांतला एकही विकत मिळत नाही. चर्चचा कायदा याबाबत स्पष्ट आहे. ठरवून दिलेल्या देणगीपलीकडे धर्मगुरूने काही मागायचं नाही, आणि ऐपत नाही म्हणून कुणाला संस्कारावाचून ठेवायचं नाही. तरीही वसईतल्या कुठल्याही धर्मग्रामात एखाद्या कर्त्या माणसाला विचारावं, की यात सगळ्यांत अवघड काय? तो पापाचं नाव घेणार नाही, सैतानाचंही नाही. पॅरिश ऑफिसच्या वेळेचं घेईल.

म्हणून प्रस्तुत मार्गदर्शन. उमेदवाराने, त्याच्या पालकांनी आणि विशेषतः त्याच्या मामाने ते शांतपणे वाचावं.

पहिला स्नानसंस्कार. यात खुद्द उमेदवाराला काहीच करायचं नसतं, त्यामुळे तयारी सर्वांत मोठी असते. कायदा म्हणतो, मूल जन्मल्यावर पहिल्या काही आठवड्यांत बाप्तिस्मा व्हावा. व्यवहारात हॉल कधी मोकळा आहे आणि दुबईच्या मामाला रजा कधी मिळते, यावरून तारीख ठरते. मूळ पाप तोवर थांबतं.

मग धर्मपिता आणि धर्ममाता निवडायची; गोव्याकडे यांना पादीन-मादीन म्हणतात. पात्रता लेखी आहे. सोळा वर्षं पूर्ण हवीत, माणूस कॅथलिक हवा, त्याचं दृढीकरण झालेलं हवं आणि वागणं श्रद्धेला शोभेल असं हवं. बाळाचे आईबाप चालत नाहीत. एक जण असला तरी पुरतो. दोन असतील तर एक पुरुष, एक स्त्री. सोन्याच्या साखळीचा उल्लेख कायद्यात कुठेही नाही, पण तो दोन कलमांच्या मध्ये कुठेतरी राहून गेला असावा, असा सार्वत्रिक समज आहे. ‘श्रद्धेला शोभेल असं वागणं’ ही अट तपासत बसण्याइतका वेळ कुणापाशी नसतो. थोरल्या भावाला डावलून मधल्याला मान दिला तर पुढची किती वर्षं नाताळ वेगळा होईल, हा हिशेब आधी करावा लागतो.

नावाच्या बाबतीत उमेदवार भाग्यवान काळात जन्मला आहे. १९१७ च्या कायद्यानुसार ख्रिस्ती नावच अपेक्षित होतं. पालक हटून बसलेच तर धर्मगुरूने आपल्याकडून एखादा संत जोडायचा आणि दोन्ही नावं वहीत लिहायची. १९८३ च्या कायद्याने गाठ सैल केली. नाव ख्रिस्ती भावनेला परकं नसलं म्हणजे झालं. त्यामुळे आज सायली, आदित्य, मानसी यांच्यामागे डिसोजा, परेरा, तुस्कानो ही आडनावं सुखाने नांदतात. मात्र आडनावाचं स्पेलिंग त्याच दिवशी, त्याच टेबलापाशी उभं राहून तपासावं. वहीत एक, जन्मदाखल्यावर दुसरं आणि आधारवर तिसरं अशी त्रैक्याची आवृत्ती पासपोर्ट ऑफिस मानत नाही.

प्रत्यक्ष संस्कार साधा आहे. बाळ आधीच पांढऱ्या लेसच्या झग्यात असतं, त्यावर फादर शुभ्र वस्त्र पांघरतात. डोक्यावर तीनदा पाणी, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. बाळ भोकाड पसरतं, नातलग खूश होतात. धर्मपित्याच्या हातात मोबाइल असल्यामुळे सैतानाचा त्याग करताना त्याचं लक्ष थोडं विभागलेलं असतं.

इथे व्हिडिओवाल्यांना नावं ठेवण्याची प्रथा आहे. ठेवणाऱ्यांनी अमेरिकेतल्या डेट्रॉइट धर्मप्रांताची हकिकत ऐकावी. तिथल्या एका तरुण धर्मगुरूने २०२० साली आपल्याच बाप्तिस्म्याचा, १९९० मधला, घरगुती व्हिडिओ पाहिला. पाणी ओतणारा डीकन ‘मी तुला बाप्तिस्मा देतो’ याऐवजी ‘आम्ही तुला’ म्हणत होता. ‘आम्ही’ चालत नाही, असा निर्वाळा व्हॅटिकनने त्याच ऑगस्टमध्ये दिला होता. म्हणजे बाप्तिस्मा झालेलाच नव्हता. तो नाही म्हणजे दृढीकरण नाही, मग गुरुदीक्षा तरी कुठली? वेदीवर उभे राहून इतरांची पापं पुसणारे फादर कायद्याने धर्मगुरू तर नव्हतेच, ख्रिस्तीही नव्हते. बिचाऱ्यांना बाप्तिस्म्यापासून गुरुदीक्षेपर्यंत सगळं पुन्हा घ्यावं लागलं. पुढे २०२२ मध्ये फीनिक्स धर्मप्रांतात असंच उघड झालं; तिथे एका फादरांनी वर्षानुवर्षं ‘आम्ही’ म्हटलं होतं आणि हजारो बाप्तिस्म्यांचा प्रश्न उभा राहिला. तेव्हा व्हिडिओवाल्याला केकचा क्लोजअप घेऊ द्यावा, पण त्याआधी फादरांचा आवाज स्वच्छ येतो का, ते बघायला सांगावं.

संस्कार आटोपला की नोंदवहीत एक ओळ पडते. उमेदवाराची खरी ओळख ती. दृढीकरण, लग्न, गुरुदीक्षा, जे काही पुढे घडेल ते त्या ओळीशेजारी नोंदलं जातं. लग्न दुसऱ्या गावी लागलं तरी तिथून मूळ धर्मग्रामाला कळवतात. आधार कार्ड यायच्या साडेचारशे वर्षं आधी, १५६३ साली, ट्रेंटच्या परिषदेने अशा नोंदींचा हुकूम काढला होता. लिंक मात्र तेव्हाही स्वतःच करून घ्यावं लागायचं.

यानंतर उमेदवाराला काही वर्षं विश्रांती. सातव्या वर्षाच्या सुमारास तो पाप करण्याच्या वयात येतो, असं चर्च मानतं. पोप पायस दहावे यांनी १९१० मध्ये तसा आदेश काढला. त्यापूर्वी ठिकठिकाणी मुलांना दहा-बारा वर्षांचं होईपर्यंत ताटकळत ठेवायचे. वसई-मुंबईकडे साधारण तिसरी-चौथीतली मुलं पहिल्या पापनिवेदनाला आणि पहिल्या ख्रिस्तप्रसादाला बसवतात. आधी वर्षभर धर्मशिक्षण. पापं आठवायला सोपी जावीत म्हणून टीचर नमुन्यादाखल चार सांगतात, आई-बाबांचं ऐकलं नाही, भावाला मारलं, खोटं बोललो, मिस्साला गेलो नाही. शनिवारी सकाळी रांगेतली सगळी मुलं हीच चार, याच क्रमाने सांगतात. ज्याला भाऊ नाही, तोही भावाला मारल्याचं कबूल करून मोकळा होतो.

मोठ्या उमेदवारांचं पापनिवेदन अधिक कौशल्याचं. बाराशे पंधरा सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेपासून वर्षातून किमान एकदा त्याला हजर राहण्याचा नियम आहे. आजच्या कायद्यात तो गंभीर पापांपुरता लिहिला आहे. म्हणून नाताळ आणि ईस्टर जवळ आले की शेजारच्या धर्मग्रामांतून फादर मदतीला येतात. चर्चच्या चार कोपऱ्यांत चार खुर्च्या, चार फादर. अभ्यासू माणसाने इथे रांगांची लांबी बघावी. आपल्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंपुढे तीन माणसं, त्यांतली दोन सत्तरीच्या पुढची. बाहेरून आलेल्या अनोळखी फादरांपुढची रांग थेट दरवाजापर्यंत. देवाला सगळं ठाऊक असतं याला कुणाचीच हरकत नाही. फादरांना ठाऊक असू नये एवढंच म्हणणं असतं, कारण तेच फादर पुढच्या आठवड्यात घर आशीर्वादायला येणार आहेत आणि चहाला थांबणार आहेत.

ही भीती तांत्रिकदृष्ट्या निराधार आहे. ऐकलेलं सरळ फोडणारा धर्मगुरू त्या क्षणी आपोआप बहिष्कृत होतो आणि तो बहिष्कार उठवण्याचा अधिकार रोमकडे राखून ठेवलेला आहे. एवढं कडक कुलूप स्विस बँकेलाही नसेल. बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मधल्या जाळीचा आग्रह धरला तो सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमिओ यांनी. खरी गळती होते ती रांगेतून. मागे उभ्या असलेल्या मावशी घड्याळ बघत असतात. दोन मिनिटं म्हणजे माणूस सज्जन. सात मिनिटं झाली की मावशी शेजारणीकडे बघतात. बाहेर आल्यावर उमेदवार बाकावर किती वेळ गुडघे टेकून बसतो, तेही मोजलं जातं; तीन नमो मारियात सुटला की अख्खी जपमाळ लागली, याचा अंदाज संध्याकाळपर्यंत गावभर होतो. शहाणा उमेदवार प्रायश्चित्ताची प्रार्थना घरी जाऊन करतो.

आत काय बोलावं, याचाही नियम आहे. गंभीर पाप कोणतं आणि किती वेळा, दोन्ही सांगायचं. आपल्याकडे हा नियम बाजूला ठेवून माणसं पार्श्वभूमीपासून सुरुवात करतात. ‘फादर, मला राग येतो’ हे वाक्य एवढ्यासाठीच असतं, की पुढे जावेने वाटणीच्या वेळी काय केलं ते सांगता यावं. जावेची, सासूची आणि विहिरीच्या पाण्यावरून शेजाऱ्याची पापं क्रमाने निवेदन झाली की फादर हळूच विचारतात, ‘बरं, आणि तुमची?’ या प्रश्नाची तयारी कुठल्याच पुस्तकात नसते. वास्तविक संपूर्ण संस्कारात हाच एक प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि ज्याने त्याचं उत्तर चर्चच्या बाकावर बसून आधी पाच मिनिटं शोधलं, त्याला बाकी कसलीही तयारी लागत नाही. पण बाकावर मोबाइलला रेंज येते.

ख्रिस्तप्रसादाआधी एक तास उपास करायचा असतो. पाणी आणि औषध चालतं. आजींना हे ऐकून हसू येतं, कारण त्यांच्या लहानपणी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. १९५३ मध्ये पायस बारावे यांनी पाण्याला मोकळीक दिली, १९५७ मध्ये उपास तीन तासांवर आणला आणि १९६४ मध्ये पोप पॉल सहावे यांनी एका तासावर. आता हा तास मिस्सा सुरू होण्यापासून मोजत नाहीत, प्रसाद घेण्याच्या क्षणापासून मागे मोजतात. प्रवचन लांबलं तर चर्चच्या फाटकाशी खाल्लेला वडापावसुद्धा कायद्यात बसतो. लांब प्रवचनाचा हा एकमेव नोंदलेला फायदा.

प्रसादाची भाकर निव्वळ गव्हाची आणि पाण्याची लागते. मुलांच्या तालमीत अजून अर्पण न केलेल्या चकत्या वापरतात. चव बघून मुलांचा चेहरा पडतो. त्यांनी केकची अपेक्षा धरलेली असते. मुख्य दिवशी मुली इवल्याशा नवऱ्या दिसतात. मुलगे कोट-टायमध्ये असतात, आणि समारंभ मे महिन्यातला असेल तर वसईच्या दमट हवेत एखादा घेरी येऊन बसतो. अंगरख्याने झाकून सगळ्या मुलांना सारखं दिसू द्यावं, असं सुचवणारे फादर अधूनमधून निघतात. पालकांच्या बैठकीत त्यांना ऐकून घेतलं जातं.

दृढीकरणाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बिशप येतात, कपाळावर पवित्र तेल लावतात, पवित्र आत्म्याची सात दानं विचारतात. पूर्वी ते गालावर हलकी चापटही मारत, श्रद्धेसाठी सोसायची तयारी हवी म्हणून. १९७१ च्या नव्या विधीत ती गेली. दहावी-बारावीच्या मुलांचे काही पालक या सुधारणेवर अजून नाराज आहेत.

मग येतं लग्न. इथे पॅरिश ऑफिस आपल्या पूर्ण सामर्थ्यानिशी उभं राहतं. उमेदवार घरच्या कपाटातून बाप्तिस्म्याचा जुना दाखला घेऊन येतो, लॅमिनेट केलेला. तो चालत नाही. सहसा गेल्या सहा महिन्यांत काढलेला ताजाच हवा असतो, आणि यामागचं कारण बिनतोड आहे. त्या ओळीशेजारी या काळात दुसरं एखादं लग्न तर नोंदलं गेलेलं नाही ना, हे कळायला दुसरा मार्ग नाही. लॅमिनेशनमुळे माणूस अविवाहित राहत नाही.

पुढे लग्नपूर्व मार्गदर्शनाचा वर्ग. नवरा-नवरीला एखाद-दोन दिवस बसवून डॉक्टर, समुपदेशक, फादर आणि बरीच वर्षं संसार केलेलं एखादं जोडपं आळीपाळीने बोलतं. मुलगा पहिल्या तासाला घड्याळ बघतो. पैशांच्या हिशेबावरचं सत्र आलं की दोघंही ताठ बसतात, कारण पगार किती आणि घरी किती द्यायचे, हे त्यांनी तोपर्यंत एकमेकांना विचारलेलं नसतं. प्रमाणपत्र मिळतं. ते जपून ठेवावं.

त्यानंतर दोघांना वेगवेगळं बसवून फॉर्म भरतात. आपल्या मर्जीने लग्न करताय का? कुणी दबाव तर आणला नाही ना? अनेक उमेदवारांच्या आयुष्यात त्यांची मर्जी कुणीतरी एकांतात, दार लावून विचारण्याचा हा पहिलाच प्रसंग असतो. फॉर्म कितीही किचकट असो, हा रकाना ज्याने घातला त्याचे आभार मानायला हवेत. साखरपुड्याला पाचशे माणसं जेवून गेल्यावर तो भरतात, एवढंच काय ते.

मग लग्नाची जाहीर सूचना, तीन रविवार. हीही १२१५ च्या लॅटरन परिषदेचीच. कुणाला अडथळा ठाऊक असेल तर कळवावं, अशी विनंती असते. अडथळा कुणी कळवत नाही, पण मुलीचं वय, मुलाची नोकरी आणि दोघांची गावं जाहीर झाल्यामुळे रविवारच्या बाजारात बोलायला विषय मिळतो. ट्रेंटने १५६३ मध्ये फादर आणि दोन साक्षीदार यांची अट घातली, ती गुपचूप लग्नं करून पुढे कानांवर हात ठेवणाऱ्या पुरुषांमुळे. ही पार्श्वभूमी माहीत असली की कागदांचा राग थोडा कमी होतो.

सरकारच्याही अटी आहेत. १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा सांगतो, लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेतच लागावं; कॅथलिक धर्मगुरूला बिशपांची परवानगी असेल तर अपवाद. ब्यूटी पार्लरला या कायद्याची कल्पना नसते. जोडीदार दुसऱ्या धर्माचा असेल तर बिशपांकडून वेगळी परवानगी लागते आणि मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवायचा आटोकाट प्रयत्न करीन, असं कॅथलिक पक्षाने लिहून द्यावं लागतं. दुसऱ्या पक्षाला हे नुसतं कळवतात. सोयरे मात्र उलट समजून चालतात, आणि बरेच वाद या एका गैरसमजावर उभे असतात.

लग्नाआधीच्या हळदीला, उंबराच्या पाण्याला, वाजंत्र्यांना कुठलाही फॉर्म लागत नाही, म्हणून ते वेळेवर पार पडतं. चर्चमध्ये फोटोग्राफर वेदीकडे पाठ करून उभा राहतो, आणि नेमक्या वचनांच्या क्षणी मंडळींना त्याची बॅग दिसते. एक गोष्ट वऱ्हाडाला सांगूनही पटत नाही. लग्न फादर लावत नाहीत. लॅटिन परंपरेत नवरा आणि नवरी हा संस्कार एकमेकांना देतात. फादर चर्चच्या वतीने साक्षीला असतात आणि संमती विचारून घेतात. तेव्हा पुढे काही बिनसलं, तर ‘फादरांनी लावून दिलं’ ही तक्रार कुठल्याच ऑफिसात दाखल होत नाही.

गुरुदीक्षेचा संस्कार मोजक्यांसाठी. पंचविशी पूर्ण हवी आणि तत्त्वज्ञान नि ईशशास्त्र मिळून किमान सहा वर्षांचा अभ्यास. वसईच्या आयांना घरात एक फादर हवा असतो, शक्यतो दोन नंबरचा मुलगा. ज्याला जमलं नाही त्याने खट्टू होऊ नये. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीत क्रुसावर हुतात्मा झाले, १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं, आणि ते धर्मगुरू नव्हते. साधे फ्रान्सिस्कन ब्रदर होते.

उरला रुग्णाभ्यंगाचा संस्कार. यात उमेदवाराची तयारी नातेवाईक करतात, आणि इथे सगळ्यांत जास्त चुका होतात. आजोबा महिनाभर अंथरुणाला खिळलेले असतात. कुणी सुचवतं, फादरांना बोलवू या. लगेच सून म्हणते, ‘नको, घाबरतील. त्यांना वाटेल आटोपलं.’ मग आजोबा हॉस्पिटलात, मग आयसीयूत, मग व्हेंटिलेटरवर. आणि रात्री दोन वाजता फादरांचा फोन खणखणतो. फादर स्कूटरवरून येतात, वॉचमनशी हुज्जत घालतात, आणि ज्यांच्या कपाळावर व तळहातांवर तेल लावायचं त्यांना आता काहीच कळत नसतं. पापनिवेदन राहून गेलेलं, ख्रिस्तप्रसाद राहून गेलेला. कधी तर फादर पोहोचेपर्यंत सगळं संपलेलं असतं. हा संस्कार जिवंत माणसाचा आहे, त्यानंतर फक्त प्रार्थना करता येते.

मरणाच्या दारातल्यांसाठीच हा संस्कार, ही समजूत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच खोडून काढली. गंभीर आजार, मोठं ऑपरेशन, म्हातारपणाचा अशक्तपणा, एवढं कारण पुरतं. आणि बरं वाटून पुन्हा आजार उलटला तर तो पुन्हाही घेता येतो. घरी असेल तर छोट्या टेबलावर स्वच्छ कापड, क्रूस, मेणबत्ती आणि पवित्र पाणी ठेवावं. हॉस्पिटलात ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्ती पेटवू नये. खोलीतला टीव्ही बंद करावा आणि पापनिवेदनाच्या वेळी सर्वांनी बाहेर जावं, सुनेनेसुद्धा.

या एका संस्काराला झेरॉक्स लागत नाही, दाखला लागत नाही, ऑफिसची वेळही लागत नाही. फादरांचा मोबाइल नंबर आजच लिहून फ्रिजवर लावा. ऑपरेशनची तारीख ठरली की त्याच दिवशी त्यांना फोन करा, आणि ते येणार आहेत हे पेशंटला आधी सांगा. बहुतेक वेळा तो म्हणतो, मी केव्हाचा वाट बघतोय.